किव्हरिनची नोंद

किव्हरिन एंगल ही ऑक्सफर्डची विद्यार्थिनी. साल 2054. इतिहास शिकायचा म्हणजे त्या काळात जाऊन राहून यायचं, अशी सोय विद्यापीठाने केलेली आहे आणि या हट्टी मुलीला चौदाव्या शतकातलं इंग्लंड पाहायचं आहे. तिला 1320 सालात पाठवायचं ठरतं. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ बद्री चौधुरी आकडे जुळवतो, ती नाहीशी होते, आणि थोड्याच वेळात बद्री तापाने कोसळतो. काहीतरी चुकलंय, एवढंच तो पुन्हा पुन्हा बडबडत राहतो. ऑक्सफर्डमध्ये फ्लूची साथ सुरू होते, शहर बंद होतं. तिकडे किव्हरिनही अंगात ताप घेऊनच एका खेड्याजवळ पोहोचलेली असते. तिथली माणसं तिला घरात घेतात, तिची सेवा करतात. रोझमंड आणि ॲग्नेस या घरातल्या दोन मुली तिला लळा लावतात. मग नाताळात पाहुणा म्हणून आलेल्या एका धर्मसेवकाच्या अंगावर गाठ उठते, आणि तिला कळतं की हे 1320 नाही, 1348 आहे. युरोप उजाड करणारा प्लेग नुकताच इंग्लंडात उतरलेला आहे. तिला स्वतःला लस टोचलेली आहे. बाकी कोणालाच नाही.

कॉनी विलिस या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी, ‘डूम्सडे बुक’. 1992 साली आली. नेब्युला आणि ह्यूगो हे विज्ञानकथेतले दोन्ही मोठे मान तिला मिळाले. त्यातला ह्यूगो व्हर्नर विंजच्या कादंबरीबरोबर विभागून. ऑक्सफर्डच्या कालप्रवासी इतिहासकारांची एक मालिकाच विलिसने लिहिली आहे. 1982 ची ‘फायर वॉच’ ही कथा तिची सुरुवात, आणि 2010 ची ‘ब्लॅकआउट’ आणि ‘ऑल क्लिअर’ ही जोडकादंबरी तिचा पुढचा मोठा टप्पा. मालिकेतल्या बाकीच्या पुस्तकांत दुसरं महायुद्ध आहे, व्हिक्टोरियन काळातला विनोद आहे. साथ मात्र या एकाच पुस्तकात इतकी खोल शिरलेली आहे. जगभरच्या वाचकांत या कादंबरीवरून दोन तट आहेत. एकाला ती आयुष्यभर विसरता येत नाही. दुसरा म्हणतो, अर्धं पुस्तक संपलं तरी काही घडत नाही, माणसं नुसती एकमेकांना फोन लावत बसतात.

पुस्तक इंग्रजीत, जवळपास सहाशे पानांचं. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात येणाऱ्यांना ते हातात देऊन उपयोग नव्हता. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी ते सांगितलं. संध्याकाळी हळदीच्या शेतातून माणसं परतली की वाचनालयाच्या ओट्यावर बसायचं आणि एकेक प्रकरण मराठीत सांगत जायचं. नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. कीर्तन ऐकून ऐकून इथल्या माणसांना कथा ऐकायची चांगली सवय आहे. कुठे थांबवून विचारायचं आणि कुठे गप्प राहायचं ते त्यांना नेमकं कळतं. मला त्यांची मतं हवी होती. साथीवरची कादंबरी ही साथ पाहिलेल्यांपुढे ठेवून पाहावी, असं फार दिवसांपासून मनात होतं.

पहिलं मत आलं ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाचं. हा अभ्यासिकेतून थेट ओट्यावर यायचा. “सर, 2054 साल आणि मोबाईल नाही? कालप्रवास जमला आणि खिशातला फोन जमला नाही?” जगभरच्या वाचकांची हीच तक्रार आहे. विलिसच्या भविष्यात समोरच्याचा चेहरा दाखवणारे फोन आहेत, पण ते टेबलावर ठेवलेले. किव्हरिनची काळजी वाहणारे डनवर्दी सर निरोपाची वाट बघत फोनपाशी अडकून पडतात. विभागाचे प्रमुख बेसिंगेम नाताळच्या सुट्टीत स्कॉटलंडला मासे धरायला गेलेले, ते कुठे आहेत कोणालाच माहीत नाही, आणि त्यांच्या परवानगीवाचून काही हलत नाही. त्यांना शोधण्यातच पानंच्या पानं जातात.

तक्रार खरी आहे, पण मला ती पानं कधीच फुकट वाटली नाहीत. 2021 च्या एप्रिलात आमच्या प्रत्येकाच्या खिशात फोन होता. हिंगोली, नांदेड, परभणी, औरंगाबाद, जिथे कोणी ओळखीचं निघेल तिथे आम्ही खाटेसाठी फोन लावत होतो. ऑक्सिजनसाठी लावत होतो, रेमडेसिव्हिरसाठी लावत होतो. फोन लागायचे. पलीकडच्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसायचं. साथीत माणूस सापडत नाही तो यंत्र नाही म्हणून नव्हे. ज्याच्या हातात काही करणं आहे तो कुठेतरी दुसरीकडे असतो म्हणून. विलिसने हे 1992 मध्ये लिहिलं, आणि मोबाईल न सुचूनही तिने नेमकी तीच दमछाक लिहिली. मी हे बोललो तेव्हा मुलगा काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बेसिंगेम शेवटपर्यंत सापडतच नाही का?” सापडत नाही.

आमचे निवृत्त गुरुजी मात्र हटले नाहीत. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवलेले, आणि वाचनालयात दर आठवड्याला नवीन काय आलं ते विचारणारे. त्यांना कादंबरीचा भूतकाळ पटला, भविष्य पटलं नाही. गावात माणसं मरतायत आणि इकडे ऑक्सफर्डमध्ये डनवर्दींचा मदतनीस फिंच शौचालयातला कागद संपत आला म्हणून यादी करत बसलाय. पाहुण्या आलेल्या अमेरिकन घंटावादक बायका आपला कार्यक्रम रद्द झाला म्हणून भांडतायत. “हे हलकं आहे,” गुरुजी म्हणाले. “मरणाशेजारी असला विनोद ठेवू नये.”

गुरुजींशी माझं पटलं नाही आणि मी ते त्यांना सांगितलं. टाळेबंदीत जगभरच्या दुकानांतून पहिल्यांदा काय संपलं ते सगळ्यांनी पाहिलं. शौचालयातला कागद त्यात होता. विलिसने ते 28 वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. पण माझा मुद्दा तिने बरोबर ओळखलं हा नाही. साथ म्हणजे फक्त मरण नसतं. साथ म्हणजे किराणा असतो, पाहुण्याचं अंथरूण असतं, ठरलेला कार्यक्रम रद्द झाल्याची चिडचिड असते. मार्च 2020 मध्ये आमच्याकडे हळद काढून झाली होती, कुठे कढया लागल्या होत्या, कुठे शिजवलेली हळद वाळत पडली होती. आणि बाजार बंद. पॉलिश करायला मजूर नाहीत, विकायला मोंढा नाही. टीव्हीवर मृतांचे आकडे सुरू असताना घराघरात वाद चालला होता तो हळद कुठे साठवायची याचा. त्या वादात कोणी निष्ठुर नव्हतं. फिंचची यादी मला म्हणूनच खरी वाटते. तो माणूस हाताला येईल ते काम धरून उभा आहे. गुरुजींनी मान डोलावली, पण मत बदललं नाही, आणि ते बदलावं अशी माझीही इच्छा नव्हती.

गुरुजींच्या रागामागे एक जुनी आठवण होती, ती नंतर निघाली. त्यांची आजी प्लेगाच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर पडले की गाव उठायचं. ज्वारी पेवात तशीच टाकून माणसं माळावर झोपड्या घालून राहायची. काखेत नाहीतर जांघेत गाठ आली की त्या माणसाची झोपडी वेगळी व्हायची. साथ ओसरली की गावात परतायचं, घर सारवायचं, चुना मारायचा, आणि कोण परतलं नाही त्याची उजळणी व्हायची. आजी हे सगळं आवाज न चढवता सांगायची, म्हणून त्यात हसण्याला जागा असेल असं गुरुजींना वाटतच नव्हतं.

मुंबईत प्लेग निघाला तो 1896 मध्ये, मांडवीच्या गोदामांत, आणि डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या वर्षी 10 जानेवारीला वाल्डेमार हाफकिनने आपल्या लसीची पहिली टोचणी स्वतःच्या अंगावर करून घेतली. इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला तोही 1897 मध्येच. पुण्यात तपासणीच्या नावाखाली घराघरांत सोल्जर शिरले, त्यातून 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यापर्यंत आणलं होतं. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात, हैदराबाद कंटिंजंटची छावणी असलेलं गाव. इंग्रजांचा तो कायदा इथल्या रयतेला लागू नव्हता. 123 वर्षांनी मात्र तो इथवर पोहोचला. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याच 1897 च्या कायद्याखाली अधिसूचना काढली आणि आमच्या गावच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या.

मधे एकदा प्लेग आमच्या अगदी जवळून गेला. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले. भूकंपाच्या भीतीने माणसं घराबाहेर राहिली, धान्य आत राहिलं आणि उंदीर माजले, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. आम्ही तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतो. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला. गुरुजी त्या साथीच्या वेळी नोकरीत होते. परभणीच्या बसस्टँडवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं आणि औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लीनसाठी लागलेली रांग त्यांना आजही आठवते. “आजीच्या गोष्टीतला आजार गोष्टीतून बाहेर आला,” ते म्हणाले. मालिका वाचणारा वाचक मागच्या भागातली माणसं मनात घेऊनच पुढचा भाग उघडतो. आमच्याकडे साथी अशाच वाचल्या जातात. 1918 ची मानमोडी, त्याआधीची गाठ, 1994, 2020. प्रत्येक पिढीला आधीच्या भागाचं कथानक घरातून मिळालेलं असतं.

माझी आत्या रोज यायची आणि काही बोलायची नाही. तिचं मत आलं ते इमेन बाईंच्या प्रकरणाला. इमेन ही कादंबरीतली सासू. कडक, देवभोळी, सुनेला आणि गावच्या साध्याभोळ्या रोश पाद्रीला सतत बोल लावणारी. रोशला नीट लॅटिन येत नाही, म्हणून ती बिशपकडे चांगला पाद्री मागते. त्यातून नाताळात बिशपचे दूत घरी येतात, आणि त्यांच्यातल्याच एकाबरोबर प्लेग येतो. पुढे एकेक माणूस जायला लागतं तेव्हा इमेनला वाटतं, हे माझ्या पापाचं फळ. ओट्यावरच्या बहुतेकांना ही बाई आवडली नव्हती. अशा सासवा सगळ्यांनी पाहिलेल्या. आत्या म्हणाली, “तिनं भलं समजूनच बोलावलं ना रे बाबा. घरी चार माणसं यावीत म्हणून बोलावलं.”

2021 च्या एप्रिलात आत्याच्या घराची वास्तुशांती होती. पन्नासाच्या आत माणसं, अंगणात मांडव. आलेल्यांपैकी कोणाकडून लागण झाली ते कळायला मार्ग नव्हता, आणि पंधरवड्याच्या आत आत्याचे यजमान, आमचे मामा, गेले. आत्याने त्यानंतर घरात कुठलाही कार्यक्रम होऊ दिलेला नाही. कोणी तिला दोष दिला नव्हता. तिनेही तो कधी तोंडाने बोलून दाखवला नव्हता. त्या संध्याकाळी इमेनची बाजू घेऊन ती जेवढं बोलली तेवढंच. या कादंबरीवर मी वाचलेल्या कुठल्याही समीक्षेत इमेनकडे असं पाहिलेलं मला आढळलं नाही. ती हेकट आहे, धर्मांध आहे, असं समीक्षक लिहितात, ते खरंही आहे. पण साथीत सगळ्यात जास्त जळतो तो बोलावणारा, हे आत्याने ओळखलं. विलिसने ते लिहून ठेवलं होतंच. वाचणाऱ्याचं लक्ष तिकडे जायला आत्यासारखं कोणी बसलेलं असावं लागतं.

आता त्या मताकडे येतो ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे दारोदार आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका, संध्याकाळची कामं आटोपून यायच्या, बऱ्याचदा उशिरा. त्यांना मागचं प्रकरण दोन वाक्यांत सांगावं लागायचं. त्यांचं लक्ष पहिल्यापासून बद्रीवर होतं. बद्री आजारी पडला, मग डॉक्टर मेरी अहरेन्स त्याच्या संपर्कातल्या माणसांची यादी करायला बसते. तो कोणत्या दिवशी कुठे गेला, कोणाबरोबर होता, कशाला हात लावला. हा भाग जगभरच्या वाचकांना रटाळ वाटतो. आशाताई म्हणाल्या, “थोडं हळू सांगा सर.” त्यांना ती यादी पूर्ण ऐकायची होती. मग त्यांनी विचारलं, “लोक त्या पोराला काही बोलले का?”

आमच्या गावातला पहिला रुग्ण पुण्याहून परतलेला एक पोरगा होता. शाळेत विलगीकरणात असताना त्याच्या घरासमोरून माणसं जाईनात, त्याच्या आईला हापशावर पाणी भरू देईनात. हिंगोलीतही तेव्हा तसंच वातावरण होतं. राज्य राखीव पोलीस दलाचे इथले जवान मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतले आणि त्यांच्यात लागण निघाली. जी माणसं दुसऱ्यांच्या गावात उन्हात उभी राहून आली होती, त्यांच्याकडेच आकडा वाढवणारे म्हणून पाहिलं गेलं. आशाताई त्या पुण्याच्या पोराच्या घरी रोज जात होत्या. त्याच्या आईसाठी घागर भरून देत होत्या, हे मला ओट्यावर त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी सांगितलं; त्या स्वतः बोलल्या नाहीत. बद्री कादंबरीत वाचतो, आणि शेवटी डनवर्दींना किव्हरिनकडे पाठवण्यासाठी धड उभं राहता येत नसतानाही यंत्रापाशी येतो. हे कळल्यावर आशाताईंचा जीव भांड्यात पडला.

किव्हरिनच्या मनगटात एक नोंदयंत्र बसवलेलं आहे. दोन्ही हात प्रार्थनेसारखे जोडले की ते सुरू होतं, म्हणजे त्या काळातल्या माणसांना ती देवाचं नाव घेतेय असंच वाटावं. 1086 साली विल्यम राजाने इंग्लंडची गावंन् गाव मोजणी करवून ‘डूम्सडे बुक’ बनवलं होतं; किव्हरिन आपल्या नोंदीला तेच नाव देते. सुरुवातीला ती त्यात स्वयंपाकघर, कपडे, बोली यांची टिपणं करते, परीक्षेला उपयोगी पडतील अशी. पुढे नोंदी बदलतात. कोण आजारी पडलं, किती वाजता गाठ फुटली, कोण सकाळी गेलं. ॲग्नेस जाते, ती पाच वर्षांची. रोझमंड जाते. शेवटी रोश जातो, आणि गावात किव्हरिनशिवाय कोणी राहत नाही. दूध काढायला कोणी नाही म्हणून हंबरत मागे फिरणारी एक गाय तेवढी.

इथे आमच्या परीक्षार्थी मुलाने मोठ्या कळकळीने विचारलं, “मरणारच आहेत हे माहीत होतं ना तिला? इतिहास बदलत नाही हे तिला शिकवलेलं. मग एवढं कशाला? एकही वाचला नाही.” पुस्तकावरचा हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे, आणि तो घेणारे वाचक काही थोडे नाहीत. हाती काही लागत नसेल तर सहाशे पानं दुःख का वाचायचं?

आशाताई म्हणाल्या, “नोंद राहिली ना.”

त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी जमेल तसं मांडतो. 2020 च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा त्या दारोदार फिरत होत्या. तापमान, ऑक्सिजन, घरात कोणाला साखर, कोणाला दमा, सगळं वहीत. काही घरांनी दार उघडलं नाही, काहींनी शिव्या दिल्या. दुसऱ्या लाटेत त्या वहीतली कितीतरी नावं गेली. सरकारी आकड्यात कोण आलं, कोण नाही, ते त्यांच्या हातात नव्हतं. पण त्यांच्या वहीत प्रत्येकाचं नाव होतं, तारीख होती, त्या दिवशीचा ऑक्सिजन होता. “आपण गेल्यावर कोणी म्हणायला नको, की इथं कोण राहत होतं ते माहीत नाही,” त्या म्हणाल्या. वही अजून त्यांच्या पेटीत आहे. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याबद्दल विचारलं तर त्या मोबाईलवर बातमी आली होती एवढंच म्हणतात.

रोश पाद्री मरताना किव्हरिनला देवाने पाठवलेली संत मानतो. ती संत नाही, हे वाचकाला माहीत आहे. ती चुकून इथे येऊन पडलेली, घाबरलेली, परत जायला तडफडणारी मुलगी आहे. तिच्याकडे औषध नाही. तिने फक्त खोली सोडली नाही. पाणी पाजलं, गाठीवर शेक दिला, गेलेल्यांना खड्डे खणले, घंटा वाजवली, आणि हात जोडून नोंद केली. साथीच्या कथेचा नायक औषध शोधणारा असतो, असं सिनेमांनी आपल्या डोक्यात भरवलंय. माझ्या मते खरं मोठेपण थांबणाऱ्याचं आहे. ओट्यावर हे पटवून द्यायला मला एक शब्द खर्चावा लागला नाही. गुरुजींनीच सावित्रीबाईंचं नाव काढलं. त्यांच्याकडेही औषध नव्हतं, पाठ होती.

आणि म्हणून मला आपल्या विज्ञानकथेकडे वळावंसं वाटतं, अगदी आपुलकीने. मी तिच्यावरच वाढलो. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवणारे जयंत नारळीकर हे माझ्या पिढीचं दार आहेत. 20 मे 2025 ला ते गेले तेव्हा आमच्या वाचनालयात त्यांची पुस्तकं टेबलावर मांडली होती. साथीच्या कल्पनेशीही त्यांचं जवळचं नातं होतं. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी 1979 मध्ये मांडलं होतं की साथीचे जंतू धूमकेतूंबरोबर अंतराळातून येतात. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. नारळीकरांनी वाद घालत बसण्याऐवजी तपासून पाहायचं ठरवलं. 2001 च्या जानेवारीत हैदराबादहून फुगा सोडला गेला आणि 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. 2005 मध्ये पुन्हा. त्यातून सापडलेल्या एका जिवाणूला पुढे हॉइलचं नाव मिळालं. कादंबरीला पुरेल असा हा ऐवज, तोही आमच्या जुन्या राजधानीतून उडालेला. पण नारळीकरांच्या ‘व्हायरस’मधला विषाणू संगणकांना ग्रासतो. एकूण मराठी विज्ञानकथेचा जीव रमतो तो शोधात, प्रयोगशाळेत, कोड्याच्या उलगड्यात. तिथपर्यंत ती फार सुंदर जाते. त्या पलीकडे, जिथे उलगडा होऊनही माणसं मरतच राहतात आणि कोणीतरी घागर भरून द्यायची असते, तिथे ती अजून पुरेशी गेलेली नाही. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई टिळकांनी प्लेगचे दिवस किती जिवंत लिहिलेत, ती नजर आपल्या भविष्यकथेत यावी असं मला मनापासून वाटतं.

जागाही आता तयार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने त्यासाठी 2600 कोटी मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली असतील तर त्याचा प्रोटॉनहून कितीतरी सूक्ष्म असा हेलकावा टिपणारे आरसे. नारळीकरांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुका संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. मी ऑक्सफर्डचं यंत्र समजावून सांगत होतो तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं होतं, “म्हणजे दुधाळ्यात करायलेत तसं काहीतरी.” कालप्रवासाची प्रयोगशाळा ओट्यावरच्या कोणालाच परकी वाटली नाही. आपल्या उसाच्या आणि सोयाबीनच्या शेजारी असलं काही असू शकतं, हे त्यांनी कधीच मान्य केलंय.

तेव्हा हिंगोलीची साथकादंबरी लिहायची तर तिच्यात काय हवं, यावर शेवटच्या संध्याकाळी खूप बोलणं झालं. गुरुजींना पेव आणि माळावरच्या झोपड्या हव्यात, आणि भूतकाळात जाणाऱ्याने आजीच्या गावात पोहोचावं असं त्यांचं म्हणणं. आत्याला मालिकेत पुढे काय झालं ते हवं होतं: “ती पोर नंतर कशी राहिली?” किव्हरिन ‘फायर वॉच’मध्ये आहे, दहा वर्षं आधी लिहिलेल्या कथेत, असं मी सांगितलं. तिथे ती दुसऱ्या एका कालप्रवाशाबरोबर एकाच खोलीत राहते, त्याची तयारी करून घेते. आत्या म्हणाली, “मग बरं. कोणाला तरी शिकवतेय.” आमच्या कादंबरीतली बोलावणारी बाई मात्र मनात ते ओझं घेऊन मरता कामा नये, अशी तिने अट घातली.

परीक्षार्थी मुलाने लिहायला घेतलंय. दुधाळ्याच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी, आणि साल 1918. पहिल्या प्रकरणात आजच्या काळातली एक आशाताई तिला सर्वेक्षण कसं करायचं ते शिकवते. त्याने ते ओट्यावर वाचून दाखवलं. त्याची आशाताई दारात उभी राहून थेट विचारते, घरात कोणाला ताप आहे का. आमच्या आशाताईंनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या दोन ओळी खोडल्या.

“असं कोणी सांगत नसतंय,” त्या म्हणाल्या. “आधी त्यांच्याकडं प्यायला पाणी मागायचं. पाणी दिलं की मग ताप विचारायचा.”